घराला येणारा वास: आधी शोधा, मग घालवा, सुगंध सगळ्यात शेवटी

जुलै उजाडला की डोंबिवलीपासून पणजीपर्यंत घरोघरी तीच तक्रार असते: कपाट उघडलं की कुबट वास, टॉवेलला वास, मोरीला वास. मग वाणसामानाच्या यादीत रूम फ्रेशनरचा डबा चढतो. तो फवारला की पंधरा-वीस मिनिटं गुलाबाचा वास येतो. नंतर गुलाब आणि बुरशी असा दोघांचा मिळून वास येतो, आणि तो आधीच्यापेक्षा वाईट असतो.

माझं मत सरळ आहे. घर ताजंतवानं ठेवायला लागणारं सामान बहुतेक घरात आधीच असतं: खायचा सोडा, धुण्याचा सोडा, व्हिनेगर किंवा लिंबू, खडे मीठ, जुनी वर्तमानपत्रं, एक जुना टूथब्रश. सोडा आणि व्हिनेगर किराणा दुकानात अगदी थोडक्या पैशांत मिळतात. महागडं पडतं ते चुकीच्या क्रमाने काम करणं. म्हणून खालचा क्रम पाळा.

पहिलं काम: नाकाने शोध

स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, कारण सततच्या वासाला नाक काही मिनिटांतच सरावतं. म्हणून बाहेरून आल्यावर, चपला काढायच्या आधी, दारात उभं राहून एक लांब श्वास घ्या. त्या पहिल्या श्वासात जे येतं ते खरं. किंवा शेजारच्या काकूंना विचारा. त्या सांगतील, आणि न विचारलेलंही सांगतील.

वास कुठल्या जातीचा आहे त्यावरून जागा बरीचशी कळते. कुबट असेल तर ओल: कपाट, गादी, भिंत. आंबूस असेल तर कचऱ्याचा डबा, घासणी किंवा फरशी पुसायचं फडकं. खवट असेल तर ओट्यामागच्या टाइल्स, चिमणीची जाळी, तळणीच्या तेलाची बरणी. हिवस असेल तर मासळी किंवा अंडी. नासक्या अंड्यासारखा असेल तर ड्रेनेज. गोडसर कुजका असेल तर आधी कांदे-बटाट्यांची टोपली उपसा. तळाला एक बटाटा पाणी होऊन बसलेला असतो. तो नसेल तर कपाटामागे मेलेला उंदीर शोधावा लागतो.

दोन वास मात्र या यादीतले नाहीत आणि त्यांच्यावर सोडा-लिंबाचे प्रयोग करायचे नसतात.

सडक्या कांद्या-लसणासारखा उग्र वास स्वयंपाकघरात आला तर तो गॅसचा असू शकतो. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचा वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. त्यामुळे उभ्या माणसाला वास थोडा आला म्हणून गळतीही थोडीच आहे असं समजू नये.

दुसरा, जळक्या प्लॅस्टिकचा किंवा कधी मासळीसारखा भासणारा वास, जो एखाद्या बटणाजवळ किंवा प्लगजवळच येतो. ती वायर तापत असते. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सोडा कुठे, लिंबू कुठे

हे एकदा समजलं की अर्धे पैसे वाचतात. वास आणणारे बरेच पदार्थ आम्ल तरी असतात किंवा अल्कली तरी. घामाचे पाय, बूट, आंबलेलं दूध यांचे वास आम्लधर्मी. त्यांना खायचा सोडा मारतो. मासळीचा हिवस ट्रायमिथाइल अमाइनमुळे येतो आणि लघवीचा दर्प अमोनियामुळे. हे दोन्ही अल्कधर्मी. त्यांच्यावर सोडा टाकून फारसं काही होत नाही, तिथे आम्ल लागतं: लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर. माशाच्या तुकड्यांना आधी आगळ किंवा लिंबू चोळणाऱ्या आज्यांनी रसायनशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण उपाय बरोबर होता.

आता मोबाइलवरच्या त्या व्हिडिओंबद्दल, ज्यांत सोड्यावर व्हिनेगर ओतलं की भरपूर फेस येतो आणि निवेदक खूश होतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. फेस म्हणजे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. मागे उरतं ते साधारण खारट पाणी. दोन्ही वापरायचंच असेल तर एक वापरा, धुऊन टाका, मग दुसरं.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही: ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र. व्हिनेगरही ब्लीचमध्ये नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि छोट्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

मोरी, बाथरूम, सिंक

ड्रेनेजचा वास बहुतेक वेळा घाणीमुळे नसतो, पाणी आटल्यामुळे असतो. बाथरूमच्या जाळीखाली जो वाडग्यासारखा भाग असतो, ज्याला प्लंबर नानी ट्रॅप म्हणतात, त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं. तेच पाणी गटारातला वायू अडवून धरतं. पाहुण्यांचं बाथरूम वापरात नसलं, किंवा मे महिन्यात सगळे गावाला गेले, की ते पाणी उडून जातं आणि गटार थेट घरात उघडतं.

१. जाळी उचला. केस, साबणाचा थर, चिकटा जुन्या ब्रशने काढा. आतली वाटी निघत असेल तर काढून धुवा आणि आठवणीने परत बसवा. वाटी हरवलेल्या मोरीला कितीही फिनाइल ओता, वास यायचाच.

२. दोन तांबे पाणी ओता. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये हे आठवड्यातून एकदा करायचं.

३. महिनाभर घर बंद ठेवणार असाल तर पाण्यावर चमचाभर खायचं तेल सोडा. तेलाचा पातळ थर पाणी उडू देत नाही. बेसिनमध्येही तसंच. कमोडमध्ये पाणी भरलेलं आहे ना ते बघून झाकण लावा.

४. वॉशिंग मशिनचा पाइप ज्या उघड्या नळीत खोचलेला असतो, तिथली फट बघा. अनेक घरांत सगळा वास त्या फटीतून येतो आणि लोक मशिनला दोष देतात. हार्डवेअरच्या दुकानात रबराची रिंग मिळते.

सिंकचं दुखणं वेगळं. तिथे तेलकटपणा बसतो आणि त्यावर अन्नाचे कण सडतात. दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा जाळीत टाका, वरून बादलीभर कडकडीत नव्हे तर हाताला सोसवेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी ओता. उकळतं पाणी नको, पीव्हीसीचे पाइप आणि सांधे त्याने सैल पडतात. तेलकटपणा काढायला खायच्या सोड्यापेक्षा धुण्याचा सोडा कितीतरी जोरकस असतो, हातमोजे मात्र घाला. तरीही वास राहिला तर सिंकखाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप, म्हणजे पाइपवरचा बाटलीसारखा भाग, हाताने फिरवून उघडा. आत जे दिसेल त्याचं वर्णन इथे करत नाही. ते बादलीत पाडा, ट्रॅप धुवा, रबराचं वायसर नीट बसवून परत लावा. प्लंबरचे पैसे वाचतात आणि काम दहा मिनिटांचं आहे.

लिंबाची सालं सिंकमध्ये सोडू नयेत. वास दोन तास चांगला येतो आणि पाइप दोन महिन्यांनी तुंबतो.

ओला कचरा

डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. वास कचऱ्याला कमी आणि कचऱ्याच्या पाण्याला जास्त येतो. चहाचा चोथा, भाजीची देठं आधी पिळून, निथळून टाका. कोळंबीची सालं, माशाची खवलं, मटणाची हाडं हे सगळं पिशवीत बांधून थेट फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि घंटागाडी आली की काढायचं. ऐकायला विचित्र वाटतं, सासूबाई नाक मुरडतील, पण गोठलेला कचरा सडत नाही. फक्त पिशवीवर खूण करा.

घासणी आणि पुसायचं फडकं हे दोन छुपे गुन्हेगार. ओल्या फडक्याने फरशी पुसली की तोच आंबूस वास घरभर सारवला जातो. पुसून झालं की फडकं साबणाने धुऊन दांडीवर मोकळं वाळत घाला, बादलीच्या काठावर चुरगळून नको.

मासळीचा दिवस

ताजी मासळी शिजताना फार वास येत नाही. येतो तो तळताना, कारण तेलाचे बारीक थेंब हवेत उडतात आणि पडद्यांवर जाऊन बसतात. म्हणून काम तळण्याआधी सुरू करायचं. झोपायच्या खोल्यांची दारं लावा. स्वयंपाकघरातले टॉवेल आणि पडदा, निघत असेल तर, बाजूला करा. एक्झॉस्ट पंखा तवा ठेवायच्या आधी चालू करा आणि समोरच्या बाजूची एक खिडकी उघडा. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर एक्झॉस्ट नुसता घरघरतो.

जेवणं झाल्यावर भांडी आधी गार पाण्याने विसळा. गरम पाण्याने मासळीचा अंश आणि अंड्याचा बलक भांड्याला चिकटून बसतो. मग चिंचेचा चोथा किंवा पिळलेलं लिंबू चोळा, मग साबण. ओटा आणि मागच्या टाइल्स आधी साबणाच्या गरम पाण्याने, नंतर व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसा. हातांनाही चिंच.

मासळी धुतलेलं पाणी कोकणात माडाच्या बुंध्यात जातं, ते उत्तम. चौथ्या मजल्यावरच्या कुंडीत घालू नका, सोसायटीतली सगळी मांजरं ओळखीची होतील.

सुकट, जवळा, सुके बोंबील पावसाळ्यात ओल धरतात आणि मग अख्खं फडताळ वास मारतं. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, शक्य असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

फ्रिज

फ्रिज बंद करून सगळं बाहेर काढा. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून आतून पुसा. साबणाला स्वतःचा वास असतो, तो लोण्याला लागतो. दाराच्या रबराच्या घड्या टूथब्रशने साफ करा, तिथे काळी बुरशी असते. मागच्या भिंतीत खाली एक छोटं भोक असतं, ते तुंबलेलं नाही ना बघा. मग फ्रिज पुढे ओढून मागे कॉम्प्रेसरजवळचा पाण्याचा ट्रे काढा. फ्रिज लख्ख पुसूनही वास जात नाही अशी तक्रार असलेल्या घरांत हा ट्रे अनेकदा वर्षानुवर्षं काढलेला नसतो.

शेवटी एका उथळ वाटीत खायचा सोडा उघडा ठेवा, दोन-तीन महिन्यांनी बदला. जुना सोडा फेकू नका, मोरीत वापरा. कापलेला कांदा आणि फणसाचे गरे झाकणाच्या डब्यातच जायला हवेत. पिकलेल्या बरक्या फणसापुढे कुठलाही सोडा हरतो.

कपडे आणि टॉवेल

न वाळलेल्या कपड्यांचा तो ओळखीचा वास जंतूंचा असतो. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू त्यासाठी विशेष बदनाम आहे. तो साध्या धुण्याने पुरता जात नाही, म्हणून वाळलेला टॉवेल पुन्हा ओला झाला की वास परत येतो. डिटर्जंट वाढवून उपयोग नाही, उलट कपड्यात उरलेला साबण जंतूंना पोसतो.

वास लागलेले सुती टॉवेल चांगल्या गरम पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, पिळून नेहमीसारखे धुवा. मशिन असेल तर दोनदा स्पिन. वाळत घालताना दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा आणि खाली पंखा लावा. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा वाहती हवाच कामाची. जाड कपड्यांची शेवटची ओल इस्त्रीने काढा, आणि इस्त्री झाल्याझाल्या कपाटात कोंबू नका. सॉफ्टनर टॉवेलला वापरू नये. त्याचा थर बसून टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

मशिन फ्रंट लोड असेल तर धुणं झाल्यावर दार उघडं राहू द्या आणि रबराच्या घडीतलं पाणी पुसा. एवढंच.

बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे, आणि ते कोरडे झाले की चमचाभर खायचा सोडा. सकाळी झटकून टाका. चामड्याच्या बुटात सोडा थेट नको, पुरचुंडीत घालून ठेवा.

कपाट, गादी, भिंत

बुरशीला हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की बरं वाटायला लागतं, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात तो ऐंशीच्या वर सहज असतो. बाहेरचा दमटपणा आपल्या हातात नाही, घरात तयार होणारा आहे. डाळ-भात झाकण ठेवून शिजवा, आंघोळीनंतर बाथरूमचं दार लावून एक्झॉस्ट चालू ठेवा, ओली छत्री दाराबाहेर.

लाकडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती सगळ्यात आधी गार आणि ओल्या होतात. त्यांना टेकलेल्या कपाटाची पाठ पहिली काळी पडते. पाऊस उघडला की दारं सताड उघडून अर्धा तास टेबल फॅनचं तोंड कपाटाकडे करा.

बंद कपाटात वाटीभर खडे मीठ ठेवायचा घरगुती उपाय चालतो, पण त्याला मर्यादा आहे. दमटपणा साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला तरच मीठ पाणी ओढतं. त्यामुळे रत्नागिरीत जुलैमध्ये उपयोग, सोलापुरात हिवाळ्यात काही नाही. मीठ पाणावलं की तव्यावर भाजून परत ठेवा. मीठ लोखंडी कपाटाला लागू देऊ नका, गंज चढतो. कॅल्शियम क्लोराइडचे तयार डबे यापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतात. एकाच कपाटाचा प्रश्न असेल तर ते परवडतात.

कापसाच्या गादीला ऊन हेच औषध. पावसाच्या उघडिपीत दोन तास मिळाले तरी टाका आणि उलटा. फोमच्या गादीवर सोडा भुरभुरवून दोन-तीन तासांनी व्हॅक्यूम किंवा कोरड्या ब्रशने काढा.

भिंतीवरची बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, तिचे बीजाणू खोलीभर उडतात. नाकाला मास्क, खिडकी उघडी, आधी ओल्या फडक्याने दाबून मग साबणाच्या पाण्याने पुसा, आणि पंख्याने भिंत पूर्ण वाळवा. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट चढवणं म्हणजे पुढच्या वर्षीचे पोपडे विकत घेणं. दिवाळीआधी चुना काढायची जुनी पद्धत इथे खरोखर शहाणपणाची होती. चुना अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहजी धरत नाही, आणि भिंतीला श्वास घेता येतो.

विदर्भ-मराठवाड्यासाठी: कूलर

तिकडे वासाचा हंगाम एप्रिल-मे. कूलरमधून मासळीसारखा वास येतो तो साचलेल्या पाण्याचा आणि कुजक्या गवताचा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, डासांच्या अळ्यांसाठीही तेच बरं. बंद करायच्या आधी पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटं नुसता पंखा चालू ठेवला तर ताट्या वाळतात आणि वास धरत नाही. एका बाजूला वाळ्याची ताटी लावली तर पहिले काही आठवडे घरात जो वास येतो, त्याला पैशांत तोड नाही. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर थंडावा जाऊन नुसता दमटपणा उरतो.

आता सुगंध

वरचं सगळं झालं असेल तर सुगंध थोडका पुरतो. नागपुरी संत्र्यांच्या दिवसांत सालं वाळवून ठेवा. मूठभर सालं, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा, पाणी, मंद आचेवर दहा मिनिटं. वेलची सोलून उरलेली टरफलं आणि गवती चहाची जुनी पातीही त्यात चालतात. मासळीच्या दिवसानंतर हा उपाय विशेष बरा.

फुलांत मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणून कळ्या दुपारी आणून वाटीभर पाण्यात ठेवायच्या. सोनचाफा एका दिवसाचा पाहुणा, पण एक फूल खोलीला पुरतं. बकुळीच्या फुलांचा वास सुकल्यावरही जात नाही. त्यांची सुकलेली माळ साड्यांच्या घडीत ठेवली तर महिनोन्महिने टिकते. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास दवणा मिळतो, तो सावलीत वाळवून कपाटात ठेवा. पुस्तकांच्या आणि लोकरीच्या कपड्यांच्या कपाटात वेखंड. डांबर गोळ्या मी टाळते. नॅफ्थलीनच्या गोळ्यांसोबत ठेवलेले कपडे, दुपटी काही तान्ह्या बाळांना खरोखर बाधतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कापूर चालेल, पण मुलांच्या हाती लागेल असा नको. गिळला तर झटके येऊ शकतात.

ऊद, धूप, उदबत्ती यांचा वास मलाही आवडतो. पण धूर तो धूरच. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ. निखाऱ्यांची धुपाटणी बंद खोलीत ठेवून झोपू नये, कोळशाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इतकं करूनही कुबट वास राहिला तर

तर बहुधा पाणी भिंतीच्या आतून येतंय, आणि तिथे सोडा-मीठ चालत नाही. एक फुकटची चाचणी करा. भिंत कोरडी पुसून त्यावर वीतभर ॲल्युमिनियम फॉइलचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दिवसभराने काढा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर दमटपणा खोलीतला आहे: हवा खेळवा, कपाट सरकवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर गळती आहे.

गळती असेल तर ती फक्त पावसात वाढते की बाराही महिने सारखी असते, हे लिहून ठेवा, तारखेसह फोटो काढा. पावसात वाढणारी बाहेरून येते. बारमाही असेल तर बहुधा वरच्या घरचं बाथरूम किंवा डक्टमधला पाइप. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेचा असतो, तर एखाद्या सदनिकेच्या संडास किंवा सिंकमधून होणाऱ्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांचा. म्हणून जिन्यात सेक्रेटरींना गाठून तोंडी सांगू नका. फोटोंसह लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज मार्चमध्ये गेला तर काम मेअखेर होण्याची शक्यता असते. जूनमध्ये गेला तर ताडपत्री मिळते.